श्रीरामच्या रक्तातली वसुधा

आमच्या सांवेर-देपालपूरकडच्या काळ्या रानात जे सोयाबीन पेरलं जातं, त्याच्या पोत्याच्या तोंडाशी एक चिठ्ठी शिवलेली असते. चिठ्ठीवर दोन आकडे असतात, एक उगवणीचा आणि एक शुद्धतेचा. शेतकरी पोतं उसवतो, चिठ्ठी बांधावर पडते, वारा ती घेऊन जातो. बी मातीत जाण्याआधी कुणीतरी ते एकेक करून मोजलं होतं, हे पेरणाऱ्याच्या मनातही येत नाही. येऊही नये. पेरताना माणसाने आभाळाकडे बघावं. पण मोजणारं कुणी असतं खरं. त्यातल्या एका बाईची ही हकीकत आहे.

तिचं नाव वसुधा पोतनीस. इंदूरला बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती तेवीस वर्षं कामाला होती. काम ऐकायला सोपं आहे. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, वर दुसरा ओला कागद घालायचा, वळकटी करायची आणि उबेच्या कपाटात उभी ठेवायची. पाचव्या दिवशी एकदा उघडून बघायचं, आठव्या दिवशी शेवटचं मोजायचं. किती सरळ उगवले, किती वाकडे, किती नुसते फुगून कुजले. शंभरात सत्तर सरळ आले की सोयाबीनचा लॉट पास. ही झाली उगवण.

शुद्धता वेगळी. तिथे दाणा उगवला की नाही हा प्रश्नच नसतो, उगवला तो कुणाचा, हा असतो. जांभळ्या फुलाच्या वाणात पांढऱ्या फुलाचं झाड निघालं, तर ते कितीही जोमाचं असो, ते परकं. त्याला भेसळ म्हणतात. ती मुळासकट उपटून बांधाबाहेर न्यायची. इथे सत्तर चालत नाहीत. इथे अठ्ठ्याण्णव लागतात.

हा फरक वसुधाने शेकडो माणसांना समजावला असेल. बियाणं कंपनीची पोरं यायची, शेतकरी यायचे, तिच्या टेबलाशी भांडायचे. “मॅडम, पंचानवे तो है, फिर फेल कैसे?” ती चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवायची आणि पेनाच्या टोकाने दाखवायची. “भैयाजी, पहले ये देखो कि नंबर किसका है. नंबर बाद में.”

बाई उंच होती, आवाज कोरडा होता, हसणं क्वचित. लग्न होऊन देवासला गेली होती, दोन वर्षांत परत आली. का आली ते तिने कुणाला सांगितलं नाही, आपणही विचारू नये. लोकमान्य नगरात वडलांनी बांधलेल्या घरात खाली ती राहायची आणि वर तिचा धाकटा भाऊ श्रीराम, त्याची बायको ऋजुता आणि मुलगी तन्वी. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते म्हणतात. त्या दफ्तरातलं यांच्या घरी आता एवढंच उरलं होतं, की कुठलाही कागद आला की तो नीट वाचायचा, जपून ठेवायचा. आणि घरातले सगळे कागद वाचायचं काम वसुधाकडे होतं. विजेचं बिल असो, विम्याचा कागद असो, ऋजुता म्हणायची, “ताई, तुम्ही बघा ना, तुम्हाला कळतं.” वसुधाला ते आवडायचं. ती तसं दाखवत नसे.

श्रीराम महूला एका शाळेत गणित शिकवायचा. रोज सकाळी बसने जायचा, दुपारी यायचा. ताईच्या अगदी उलट माणूस. जिना चढता चढता ओरडायचा, “ताई, आज कितने फेल किए?” ती आतून म्हणायची, “तुझ्या वर्गापेक्षा कमीच.”

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर तो जिना चढताना थांबू लागला. आधी एकदा, मग दोनदा. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रक्ताची तपासणी झाली, मग हाडातल्या मगजाची, आणि रक्ताचा कर्करोग निघाला. हिवाळाभर औषधं चढवली. मग डॉक्टरांनी सांगितलं की नुसत्या औषधांनी भागणार नाही.

डॉक्टर म्हणजे निशिगंधा नावाची एक बाई, वयाने श्रीरामपेक्षाही लहान. दोन वर्षांपूर्वी सांगलीहून इथे इस्पितळात आलेली. तिची मराठी स्वच्छ, धुतल्यासारखी. श्रीराम पहिल्याच दिवशी तिला म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही जरा हळू बोला. आमची मराठी सेव-परमल आहे, सगळं मिक्स.”

ती हसली. मग तिने कागदावर एक हाड काढून दाखवलं. म्हणाली, “रक्त इथे तयार होतं, हाडाच्या पोकळीत. तिथल्या मूळपेशी बिघडल्यात. आपण औषधांनी ही जागा आधी पूर्ण मोकळी करणार. मग दुसऱ्या कुणाच्या, जुळणाऱ्या माणसाच्या मूळपेशी शिरेतून आत सोडणार. त्या आपोआप या पोकळीत जाऊन रुजतात. तुमच्या ताईंच्या जुळतात, ते आपलं नशीब. रुजल्या, की तुमचं रक्त त्यांच्या पेशी बनवतील. एकाच देहात दोन माणसांच्या पेशी. याला काइमेरिझम म्हणतात.”

“काय म्हणतात?” ऋजुता म्हणाली.

“काइमेरिझम. ग्रीक लोकांच्या गोष्टीत एक प्राणी होता. तोंड सिंहाचं, धड बकरीचं, शेपूट सापाची. त्याच्यावरून नाव पडलं.”

“म्हणजे आपला गंडभेरुंड,” श्रीराम म्हणाला. “एक धड, दोन तोंडं. ताई, एक तोंड तुझं. मग खाणार कोण नि बोलणार कोण?”

“बोलशील तूच,” वसुधा म्हणाली.

डॉक्टर पुढे म्हणाली, “नंतर आपण अधूनमधून तपासत राहू. शंभर पेशींत ताईंच्या किती आणि श्रीरामच्या जुन्या किती. ताईंच्या जितक्या शंभरच्या जवळ, तितकं बरं.”

वसुधा खुर्चीत पुढे सरकली. “म्हणजे ही शुद्धतेची टक्केवारी झाली,” ती म्हणाली, आणि तिने डॉक्टरला आपल्या धंद्यातलं सगळं सांगितलं. जांभळं फूल, पांढरं फूल, अठ्ठ्याण्णवचं माप. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “ताई, पाच वर्षांत हे इतकं सोपं मलाही कुणी सांगितलं नव्हतं. अगदी तेच आहे हे.”

तेव्हा श्रीराम हसत म्हणाला, “मग ताई, यात मी भेसळ का?”

खोलीत कुणी हसलं नाही. वसुधा म्हणाली, “काहीही बोलतोस,” आणि पर्स उघडून त्यात उगाच काहीतरी शोधत राहिली.

पण त्याने विचारलं होतं ते खरंच होतं. त्या मापात पीक ती होती. भाऊ जगायचा तर त्याच्या देहातून त्याचं स्वतःचं रक्त मुळासकट जायला हवं होतं, आणि उरलेलं एखादं झाडही दिसलं तर तो धोका. ज्या भावाला तिने बोट धरून शाळेत नेलं होतं, त्याला ती परकं झाड म्हणायला तयार नव्हती. त्या दिवसानंतर तिने काइमेरिझमला शुद्धता कधी म्हटलं नाही. तिने आपल्यापुरता दुसरा शब्द धरला. उगवण. माझ्या पेशी त्याच्यात उगवल्या की नाही, एवढंच बघायचं. हा शब्द मायेचा होता, तोंडात गोड लागत होता. आणि कुणी तिला अडवलं नाही, कारण घरात आकडे तिलाच कळत होते.

मूळपेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून मार्चच्या सुरुवातीला तिला पाच दिवस सुया टोचल्या. हाडं अशी ठणकायची की रात्री कूस वळवता येईना. सहाव्या दिवशी दोन्ही हातांना नळ्या लावून तिला यंत्रापाशी निजवलं. एका हातातून रक्त निघे, यंत्रात फिरे, दुसऱ्या हातातून परत येई. पाच तासांनी एक लहानशी पिशवी भरली, फिक्या लाल रंगाची. दुपारी ती पिशवी श्रीरामच्या खाटेशी टांगली. काचेपलीकडून ऋजुताने बघितलं, थेंब पडत होते. पाऊण तासात संपलं. एवढंच. मोठ्या गोष्टींना फार वेळ लागत नाही, त्यांची वाट बघायला लागतो.

अठराव्या दिवशी पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिला रिपोर्ट आला. नमुना दुसऱ्या शहरात जायचा, रिपोर्ट मोबाईलवर यायचा, आणि मोबाईलचा नंबर अर्थातच वसुधाचा दिलेला होता. अठ्ठ्याण्णव टक्के. तिने जिन्यातून हाक मारली, “ऋजुता, अठ्ठ्याण्णव उगवल्या!”

श्रीराम घरी आला. डोक्यावर केस नाही, तोंडाला पट्टी, पायांच्या काड्या झालेल्या. पण जीभ तीच. त्याला डॉक्टरने सांगितलं होतं, की आता रक्त तपासलं तर ते बाईचं रक्त दिसेल. झालं! जो भेटायला येईल त्याला तो दारातूनच सांगायचा, “अंदर आइए, मगर संभाल के, मेरे खून में लेडीज़ है.” चिडला की म्हणायचा, “हा माझा राग नाही, हा ताईचा आहे, तिला सांगा.” त्याचा रक्तगटसुद्धा बदलायला लागला होता. तन्वीने शाळेच्या ओळखपत्रावर बाबांचा रक्तगट कुठे लिहिला नाही ना, ते दोनदा बघून घेतलं.

मे आणि जून हे वसुधाच्या कामाचे महिने. पेरणीआधी सगळ्या माळव्याचं बियाणं तपासायला येतं. टेबलावर कागदाच्या वळकट्यांची रास लागलेली असते, आणि दिवसभर एकच मोजणी चालते, उगवणीची. बहात्तर, पास. अडुसष्ट, फेल. एक्याऐंशी, पास. उन्हाळ्यात गोदामात सोयाबीन तापतं, त्याची उगवण उतरते. मार्चला नव्वद असलेला लॉट जूनला पंचाहत्तरवर येतो, त्यात काही नवल नाही. एका जागी शंभर वेळा हेच करणाऱ्या माणसाचं मन बैलासारखं होतं, ते आपोआप नेहमीच्या चाकोरीतून चालतं.

जूनच्या नऊ तारखेला दुपारी तिचा मोबाईल वाजला. नव्वदाव्या दिवसाचा रिपोर्ट होता. तिने हात फडक्याला पुसले आणि उघडला. एक्क्याण्णव.

शेजारच्या टेबलावर बंटी वळकट्या सोडत होता. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं तिच्यासोबत कामाला. त्याने तिचा चेहरा बघितला. “क्या हुआ ताईजी, पास कि फेल?”

“एक्क्याण्णव,” ती म्हणाली.

“अरे भिया! जून में इक्यानवे? सोना है सोना! किसका लॉट है?”

“माझा,” वसुधा म्हणाली, आणि हसली. बंटीने तिला असं हसताना फार वर्षांत बघितलं नव्हतं. तिने त्याला पैसे देऊन सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. आठ माणसांनी हात धुऊन कचोऱ्या खाल्ल्या, आणि एकानेही विचारलं नाही, की हा आकडा कसला. तिने स्वतःलाही विचारलं नाही.

संध्याकाळी ती वर गेली. ऋजुता कुकर लावत होती. श्रीरामने विचारलं, “मागचा किती होता गं?”

“अठ्ठ्याण्णव.”

“मग उतरला की.”

“अरे, उन्हाळ्यात थोडी उतरतेच उगवण. सत्तरला पास असतं. एक्क्याण्णव म्हणजे तू फर्स्ट क्लास आहेस.”

गणिताचा मास्तर होता तो. पण घरात माप ताईचं चालायचं. तो म्हणाला, “मग ठीक,” आणि तन्वीला म्हणाला, “उद्या सायकल काढ. तुला अजून वळवता येत नाही, शरम आहे की नाही?”

डॉक्टरकडची तारीख एकवीस होती. रिपोर्ट आला की पाठवा, असं डॉक्टरने सांगून ठेवलं होतं. वसुधाला वाटलं, चांगलाच आहे, एकवीसला हातातच देऊ.

ते बारा दिवस घराला उत्सवासारखे गेले. सकाळी सहाला, रस्त्यावर माणसं नसताना, श्रीराम पट्टी बांधून तन्वीच्या सायकलमागे चालायचा. पळता येत नव्हतं, पण ओरडता येत होतं. “हँडल सोडू नको, मान सोड!” चौथ्या दिवशी तिने कोपऱ्यावर सायकल वळवली, आणि तो रस्त्याच्या मधोमध टाळ्या वाजवत उभा राहिला. त्याने भरलं वांगं मागून खाल्लं. एका बुधवारी ऋजुता भाड्याची गाडी करून त्याला महूला घेऊन गेली. शाळेला सुट्टी होती, वर्ग रिकामे होते. शिपायाने दार उघडून दिलं. श्रीरामने फळ्यावर एक समीकरण लिहिलं, अर्धं सोडवलं आणि खाली लिहिलं, “बाकी तुम्ही करा, १ जुलैला येऊन बघतो.” ऋजुताने त्याचा फोटो काढला. परत येताना तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला.

एकवीसला सगळे इस्पितळात गेले. श्रीराम आणि ऋजुता खाली रक्त द्यायला थांबले, वसुधा फाईल घेऊन वर डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने रिपोर्ट बघितला, मग वरची तारीख बघितली.

“हा कधी आला?”

“नऊला.”

“नऊला?” डॉक्टरने फाईलमधला मागचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवला. “ताई, पंच्याण्णवच्या खाली आला की मला त्याच दिवशी कळायला हवं. आणि अठ्ठ्याण्णववरून उतरलाय. ह्या ज्या नऊ आहेत, त्या त्याच्या जुन्या पेशी आहेत. त्या परत आल्यात. त्यांच्यात आजाराच्याही असणार.”

वसुधा म्हणाली, “मला वाटलं पास आहे. सत्तरला...”

ती तिथेच थांबली. तिच्या ध्यानात आलं. कुणी समजावायची गरज नव्हती, जगात हे समजावणारी तीच होती. नंबर किसका है, पहले ये देखो.

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाली, “शुद्धतेचं माप तुम्हीच तर मला सांगितलं होतंत.” तिला टोचायचं नव्हतं. ती नुसती चकित झाली होती. पण ते वाक्य वसुधाच्या आत जाऊन बसलं, आणि बसलेलंच राहिलं.

“बारा दिवसांनी किती बिघडलं?” तिने विचारलं.

“खरं सांगू? मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. आजार असा परतला, की बहुतेकदा आमचंही फारसं चालत नाही. कदाचित थोडा फरक पडला असता. कुणीच सांगू शकणार नाही.” मग म्हणाली, “आत्ता हे घरी बोलू नका. आत्ता आपल्याला काम करायचंय.”

खालून ऋजुता आली, श्रीराम आला. डॉक्टरने त्यांना आजार परतल्याचं सांगितलं. तारखेचं सांगितलं नाही. वसुधानेही नाही.

पुन्हा तिला यंत्रापाशी निजवलं. या वेळी तिच्या लढाऊ पेशी काढून त्याला द्यायच्या होत्या. श्रीराम म्हणाला, “दुबार पेरणी का, ताई?” ती म्हणाली, “हो.” त्या वेळी ती त्याला सांगू शकली असती. खोलीत दोघंच होते, यंत्र घरघरत होतं. तिने तोंड उघडलं आणि विचारलं, “पाणी हवंय का?”

चौऱ्याऐंशी. बासष्ट. आता रिपोर्ट आला की ती त्याच मिनिटाला डॉक्टरला पाठवायची आणि जिन्यात उभी राहून ऋजुताला आकडा सांगायची, पुढे एक शब्दही न बोलता.

ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेच्या शेतात सोयाबीन फुलावर आलं. शुद्धता बघायला दरवर्षी ती जायची. जांभळ्या फुलांच्या ओळीत मध्येच एक पांढऱ्या फुलाचं झाड उभं होतं, भरगच्च, टवटवीत. तिने ते बघितलं, वहीत लिहिलं. उपटायला वाकली आणि तशीच उठली. “बंटीभिया, ये आप निकाल दो,” ती म्हणाली. बंटीने बघितलं, विचारलं काही नाही, आणि झाड उपटलं.

सप्टेंबरात शेवटचा आकडा आला. सदतीस. त्यानंतर डॉक्टरने नमुने पाठवणं थांबवलं. सहा दिवसांनी सकाळी साडेनऊला, वॉर्डात चहा-नाश्त्याची गाडी फिरत असताना, श्रीराम गेला. ऋजुता त्याचे पाय धरून बसली होती. वसुधा औषधाचा कागद घेऊन खाली गेली होती, ती परत येईपर्यंत संपलं होतं. त्याच्या देहातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्त तिचं होतं, आणि तेही त्याच्याबरोबर गार झालं. ती स्वतः मात्र जिन्याच्या तोंडाशी औषध हातात घेऊन उभी होती, धडधाकट. असं मरण कुणी बघितलं आहे? मी तरी ऐकलं नव्हतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. दिवाळी आली, दिव्याविना गेली. घरात रोज कुणी ना कुणी म्हणायचं, “वसुधाने भावासाठी किती केलं, रक्त दिलं गं, दोनदा दिलं.” ऋजुताही म्हणायची. शेजारणींना सांगायची, “ताई होत्या म्हणून एवढे तरी दिवस मिळाले.” हे ऐकलं की वसुधा ताटावरून उठायची. शिव्या सोसता येतात. न कमावलेलं कौतुक सोसत नाही.

नोव्हेंबरच्या एका रविवारी, तन्वी शिकवणीला गेली असताना, ती वर गेली. ऋजुता मेथी निवडत होती. वसुधा समोर बसली, दोन जुड्या निवडल्या आणि मग सांगितलं. नऊ तारीख, एकवीस तारीख, सत्तरचं माप, कचोऱ्या, डॉक्टर काय बोलली ते. काही सोडलं नाही, काही सजवलं नाही.

ऋजुताचे हात थांबले. “बारा दिवस?”

“बारा.”

“आणि तुम्हाला माहीत होतं, हे माप ते नाही?”

“माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तसं मोजलं, की श्री भेसळ व्हायचा. मला ते म्हणवेना. मी मनात माप बदललं, आणि नंतर बदलल्याचं विसरले.”

“डॉक्टर काय म्हणाल्या? वाचले असते?”

“सांगता येत नाही म्हणाल्या.”

ऋजुताने निवडलेली मेथी बाजूला सारली. “त्या बारा दिवसांत तन्वी सायकल शिकली,” ती म्हणाली. “महूचा फोटो त्या दिवसांतलाच आहे. मी रोज बघते तो.” तिचा आवाज चढला. “आता तो कसा बघू मी, ताई? सांगा ना, तुम्हाला कळतं ना सगळं! कसा बघू?”

वसुधाने हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

“तुम्ही खाली जा,” ऋजुता म्हणाली. “आज जा.”

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. दुधाची पिशवी तन्वी खाली देऊन जायची, वाणसामानाची यादी तन्वी आणायची. विजेचं बिल मात्र खाली येईना. ऋजुता ते स्वतः वाचू लागली. घरात मधला जिना होता, तो फक्त मुलीच्या पायांनी चालू होता. वसुधा कामावर जायची, यायची, एकटीचा भात टाकायची. श्रीरामची हाक ज्या वेळेला यायची, त्या वेळेला रेडिओ लावून ठेवायची.

जानेवारीत तन्वीला थकवा येऊ लागला. तोंड पांढुरकं दिसायचं, शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. ऋजुताने एकटीनेच तिला नेऊन रक्त तपासायला दिलं. एका घरात एकदा जे शिरून गेलं, त्याची पावलं मग सगळीकडे दिसतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास वसुधाच्या दारात सावली पडली. ऋजुता उभी होती. हातात रिपोर्टचा कागद होता. अडीच महिन्यांनी ती हा उंबरा चढली होती. तिने कागद पुढे केला.

वसुधाने हात पुढे केला नाही. कागदाकडे बघितलंही नाही. तिने पायांत चपला घातल्या, खुंटीवरची पर्स घेतली. “तन्वीला बोलाव,” ती म्हणाली. “आत्ता जाऊ.”

“पण तुम्ही एकदा बघा तरी...”

“मी नाही बघणार, ऋजुता. ज्याचं माप आहे, त्याने बघायचं.”

पलासियाला मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. भर गर्दीत रिक्षा तीन वेळा अडकली. ऋजुताने कागद घडी करून मुठीत धरला होता, तो घामाने ओला झाला. दवाखान्यात आणखी तासभर बसावं लागलं. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कागद उलगडला, चष्मा वर केला, मुलीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट दाबून बघितलं.

“आयरन कम है. बस. खाती नहीं होगी ठीक से. ये गोली तीन महीने.”

ऋजुताने विचारलं, “और कुछ नहीं ना?”

“और कुछ नहीं.”

वसुधा पुढे झाली. “डॉक्टर साहब, ये जो नंबर है, ये किसका है, और कितना होना चाहिए, एक बार बता दीजिए. और लिख भी दीजिए.” डॉक्टरांनी एकेका ओळीवर पेन ठेवून सांगितलं आणि समासात लिहूनही दिलं. ऋजुता वाकून बघत होती. बघता बघता तिने तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. दिवस झाल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती. तन्वी घाबरून एकदा आईकडे, एकदा आत्याकडे बघू लागली.

परतीच्या रिक्षात तन्वी मधे बसली, दोघी दोन बाजूंना. मग ऋजुता बाहेर बघतच म्हणाली, “गोळी जेवणाआधी द्यायची म्हणाले की नंतर, ताई?”

वसुधाला आठवत होतं. नंतर. तरीही तिने पर्समधून चिठ्ठी काढली, उलगडली आणि तन्वीच्या मांडीवरून पलीकडे ऋजुतासमोर धरली. “हे बघ,” ती म्हणाली, “तूही वाच.” रिक्षा खड्ड्यांतून हादरत होती, अक्षरं हलत होती. दोघींनी एकेक टोक धरलं आणि वाचलं.